घरचं लाकूड घरीच कापायचं ठरवलंय? मग सामान कुठल्या क्रमाने घ्यायचं ते आधी वाचा

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरला धडकलं आणि पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून वर गुजरातकडे गेलं, तेव्हापासून कोकणात गावोगाव चेनसॉ, म्हणजे पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत, दिसायला लागलेत. आधी लाकूडतोड्या ठेकेदाराकडेच असायचं हे मशीन, आता वाडीत एकदोघांकडे तरी असतंच. पण बहुतेकांचं गणित एकच, मशीन ऑनलाइन मागवायचं, आलं की चालू करायचं, झाड आडवं करायचं, आणि मग त्या ओंडक्याकडे बघत बसायचं की आता हा धूड इथून हलवायचा कसा.

म्हणून पहिल्यांदाच सांगून टाकतो, लाकूड कापणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. हलवणं, धार लावणं आणि वाळवणं यात माणूस दमतो, पैसे जातात आणि चांगलं लाकूड वाया जातं. तर खरेदीही त्याच क्रमाने करा. मी हे लिहितोय ते स्वतःच्या जागेतली वर्षाला दोनचार झाडं, घराला वासे-फळ्या-चौकटी आणि न्हाणीघराच्या चुलीला जळण एवढ्यासाठी. धंदा करायचा असेल तर नियम वेगळे, खर्च वेगळा, ते यात नाही.

१. मशीनच्या आधी कागद

हा भाग कंटाळवाणा आहे पण सोडू नका. महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा आहे आणि त्याच्या यादीतली झाडं तुमच्या मालकीच्या जमिनीत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. यादीत साग, खैर, चंदन तर आहेतच, पण आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा, मोह, ऐन, किंजळ, बिजा, हळदू, तिवस, अंजन आणि कांदळवनही आहे. म्हणजे कोकणातल्या परड्यात जे काही जाडजूड उभं असतं त्यातलं बरंचसं आलंच. 'घरच्या वापरासाठी आहे, विकायचं नाही' म्हणून परवानगी लागत नाही हा समज गावात फार पक्का आहे आणि तो चुकीचा आहे.

साधारण हे कागद जमवून ठेवा:

- चालू सातबारा आणि आठ अ
- जागेचा नकाशा, हद्दीजवळचं झाड असेल तर मोजणीचा असलेला बरा
- सगळ्या सामायिक खातेदारांचं संमतीपत्र
- आधार कार्ड
- झाडांची यादी, जात आणि छातीच्या उंचीवरची गोलाई लिहून
- झाडाचे, आजूबाजूच्या जागेसकट फोटो

यात अडकायला होतं ते तिसऱ्या ओळीत. सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव, त्याखाली चुलते, आत्या, त्यांची मुलं, निम्मे मुंबईला, एक बडोद्याला. सह्या गणपतीत किंवा शिमग्यात सगळे गावी असतात तेव्हाच घेऊन ठेवा, नंतर फोनवर कोणी हो म्हणतं आणि कागद मात्र येत नाही. आणि चुलत्यांना न विचारता झाड पाडलंत तर वनखातं राहिलं बाजूला, घरातच तक्रार होते.

वादळात आपोआप पडलेलं झाड असेल तरी आधी फोटो काढा, वनपालाला कळवा, पंचनामा करून घ्या आणि मगच हात लावा. घरावर किंवा वाटेवर पडलंय म्हणून लगेच फांद्या तोडायलाच लागल्या तर बुंधा तेवढा तसाच ठेवा. लाकूड जागेबाहेर न्यायचं असेल, अगदी तालुक्याच्या सॉमिलपर्यंत, तर वाहतूक पास वेगळा लागतो. निलगिरी, सुबाभूळ अशा जातींना नियम सैल आहेत, पण तुमच्या जिल्ह्याला नेमकं काय लागू आहे ते वनखात्याच्या रेंज ऑफिसमध्ये जाऊनच विचारा, नाक्यावर विचारू नका. नगरपालिका हद्दीत असाल तर १९७५ चा शहरी झाडांचा कायदा लागतो आणि अर्ज तिकडे जातो. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात तर हायकोर्टाने वृक्षतोडीला मनाई केलेली आहे, तिकडच्या लोकांनी अर्ज लिहायच्या आधीच चौकशी करा.

अजून एक. युट्यूबवर ते रुळावर चालणारं छोटं बँडसॉ मिल (पट्ट्याच्या करवतीने फळ्या पाडणारं) बघून बऱ्याच जणांना मोह होतो. आपल्याकडे सॉमिलला परवाना लागतो, सुप्रीम कोर्टाच्या १९९७ च्या आदेशानंतर विनापरवाना आरागिरण्या बंद झाल्या आणि नवीन परवाना मिळणं सोपं नाही. 'माझं मिल लहान आहे' हे उत्तर चालेल असं धरून लाखभर रुपये अडकवू नका, आधी रेंज ऑफिसकडून लेखी घ्या.

२. टेप लावा, वजन काढा

कुठलंही सामान घ्यायच्या आधी तुमचं लाकूड किती आणि किती जड ते काढा. वखारीत जी पद्धत आहे तीच वापरा: ओंडक्याच्या मधोमध गोलाई इंचात मोजा, तिला ४ ने भागा, आलेल्या आकड्याचा वर्ग करा, फुटातल्या लांबीने गुणा आणि १४४ ने भागा, म्हणजे घनफूट येतात. ४८ इंच गोलाईचा ८ फुटी ओंडका घ्या, १२ गुणिले १२ गुणिले ८ भागिले १४४, बरोबर ८ घनफूट.

पण हे व्यापाराचं माप आहे, यात फुकट जाणारं लाकूड आधीच वजा धरलेलं असतं. खरं घनफळ त्याच्या सव्वापट, म्हणजे दहाच्या वर जातं. ओलं लाकूड घनफुटाला २८ ते ३० किलो धरा (ऐन तर त्याहून जड), म्हणजे तो मध्यम दिसणारा ओंडका ३०० किलोच्या घरात गेला. चार माणसं 'उचलू रे' म्हणून वाकतात आणि एकाची तरी कंबर जाते ती याच आकड्यामुळे. एकदा हा हिशोब केलात की पुढची खरेदी आपोआप ठरते.

३. हलवायचं सामान, हे सगळ्यात आधी घ्या

लागेल ते असं: दोन चांगल्या पहारी, एक लिव्हर ब्लॉक (दांडा मागेपुढे करून साखळीने ओढायचं साधन), दोन रुंद पट्ट्याचे बेल्ट, एक सुटी पुली म्हणजे कप्पी, तीनचार डी-शॅकल म्हणजे पिन लावून बंद होणाऱ्या लोखंडी कड्या, जाड दोर, आणि सुरूचे किंवा भेरल्या माडाचे दोन लांब सोट.

चेन पुली बऱ्याच जणांच्या घरी असते, विहिरीवरचा पंप काढायला आणलेली. ती सरळ वर उचलायला आहे. आडवी लावून ओंडका ओढायला गेलात की हाताची साखळी चाकावरून उतरते, अडकते आणि लोड तसाच ताणलेला राहतो, ती सोडवणं हे धोक्याचं काम. आडव्या ओढणीला लिव्हर ब्लॉक किंवा हॅन्ड विंचच पाहिजे, दीड टनाचा पुरतो. ऑनलाइन मिळणारे स्वस्त रॅचेट पुलर असतात त्यांच्यावर २ टन लिहिलेलं असतं, मी त्याच्या निम्म्यावर पण विश्वास ठेवत नाही, दाते बघा म्हणजे कळेल.

विंच बांधायचा तो जिवंत झाडाला, बुंध्याच्या अगदी खाली आणि रुंद बेल्टने, वायर रोप म्हणजे विंचचा तारांचा दोर थेट गुंडाळलात तर साल कापली जाते आणि ते झाडही पुढे सुकतं. वायर रोपवर मधोमध एक भिजवलेलं गोणपाट टाका, तुटली तर फटका कमी बसतो. ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही, आणि कप्पी लावली असेल तर दोराचा जो कोन होतो त्याच्या आतल्या बाजूला तर अजिबात नाही, कप्पी सुटली की ती तिकडेच येते.

ट्रॉलीत चढवायची जुनी रीत आहे आणि ती अजून कुठल्याच मशीनने मागे टाकलेली नाही. दोन सोट ट्रॉलीच्या कडेला तिरके लावायचे, त्यांचं खालचं टोक चिऱ्याला अडवायचं. दोन दोरांची एकेक टोकं ट्रॉलीलाच बांधायची, दोर ओंडक्याच्या खालून घ्यायचे, वरून परत ट्रॉलीच्या पलीकडे न्यायचे आणि पलीकडच्या बाजूने दोघातिघांनी ओढायचं. ओंडका स्वतःच कप्पी होतो आणि गडगडत वर येतो. सोट १० फूट आणि ट्रॉली ३ फूट उंच असेल तर उतारामुळे ३०० किलोचे ९० झाले आणि दोराच्या वळशामुळे त्याचे निम्मे, ४५ किलो, वर थोडं घर्षण. एवढं दोघं आरामात ओढतात. दोन्ही दोर सारखे ओढले गेले पाहिजेत, नाहीतर एक टोक पुढे जातं आणि ओंडका सोटावरून घसरतो. ओंडका वर जात असताना खालच्या बाजूला कोणी म्हणजे कोणी थांबायचं नाही, 'जरा हात लावतो' म्हणणारा उत्साही पाव्हणा तर आधी लांब उभा करा.

ट्रॅक्टर जात नाही अशा जागी पॉवर टिलरची ट्रॉली चालते, पण उतारावर भरलेल्या ट्रॉलीसकट टिलर ब्रेकला दाद देत नाही. अशा ठिकाणी ओंडक्याचे जागच्याजागी तुकडे किंवा फळ्या करूनच न्यायचं, मशीन लाकडाकडे नेणं नेहमी स्वस्त पडतं.

४. आता चेनसॉ

घरगुती कामाला ५० ते ६० सीसी आणि १८ इंची पट्टी (जिच्याभोवती चेन फिरते ती) पुष्कळ झाली. २२ इंची पट्टी लावून दिली की गिऱ्हाईक खूश होतं, पण छोट्या इंजिनला लांब पट्टी लावली की ते नुसतं ओरडतं. ५८ सीसीची चायनीज मशीनं स्वस्त आहेत, स्टिल, हुस्क्वार्ना त्याच्या कितीतरी पट. वर्षाला दोनचार झाडं असतील तर चायनीज चालून जातं हे माझं मत, मात्र घ्यायच्या आधी तालुक्याच्या दुकानात जाऊन विचारा की त्याचा प्लग, स्टार्टर दोरी, क्लच आणि कार्बोरेटर इथे मिळतो का. मशीन दुकानातच चालू करून घ्या आणि आयडलला चेन फिरत नाही ना ते बघा, फिरत असेल तर तिथेच सेट करायला लावा.

ऑइल-पेट्रोलचं प्रमाण अंदाजपंचे टाकू नका. चांगलं टू-स्ट्रोक ऑइल आणि ब्रँडेड मशीन असेल तर ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली. चायनीज मशीनच्या पुस्तिकेत सहसा २५ ला १ असतं, लिटरला ४० मिली, तिथे तेच पाळा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि कार्बोरेटरचे रबरी पडदे खराब करतं, त्यामुळे मिक्स लागेल तेवढंच बनवा आणि आठवड्याच्या वर काम नसेल तर टाकी रिकामी करा. पट्टी-चेनला ऑइल देणाऱ्या टाकीत काळं जळकं ऑइल टाकायची सवय सगळीकडे आहे. त्यात धातूचा बारीक चुरा असतो, त्याने ऑइल पंप जातो आणि मग चेन कोरडी फिरते.

अंगावर काय, तर हेल्मेट-जाळी, कानाला मफ, बूट, आणि जमलं तर चेनसॉची ती जाड धाग्यांची पॅन्ट. लुंगी आणि स्लिपरवर मशीन चालवणारे खूप आहेत हे मला माहिती आहे. दोन गोष्टी मात्र पाठ करा. एक, पट्टीच्या टोकाचा वरचा भाग कशालाही टेकला की मशीन उलटं तोंडाकडे उसळतं, म्हणून टोकाने कापायचं नाही, डावा अंगठा हँडलखाली वळवूनच पकडायचं आणि खांद्याच्या वर मशीन न्यायचं नाही. दोन, पडलेलं झाड शांत दिसतं पण ते ताणात असतं. दोन्ही टोकांवर टेकलेल्या ओंडक्यात वरची बाजू दाबात असते, तिथून थोडं कापायचं आणि मग खालून वर यायचं, नाहीतर पट्टी चिमटते. एक टोक हवेत असेल तर उलटं, आधी खालून थोडं आणि मग वरून. आणि वादळात मुळासकट आडवं झालेलं झाड बुंध्याजवळ कापलं की मुळाचा गड्डा झटक्यात परत खड्ड्यात बसतो, त्या खड्ड्यात किंवा गड्ड्यामागे पोरंटोरं, कुत्रं, कोणी नाही याची खात्री स्वतः जाऊन करा. तारांवर पडलं असेल तर महावितरणचा माणूस लाइन बंद करून येईपर्यंत हात लावू नका.

५. धार

नवी चेन घेऊन लोक फणस कापायला लागतात आणि तासाभरात 'मशीनमध्ये दम नाही' म्हणतात. मशीनमध्ये दम असतो, चेन बोथट झालेली असते. खाली काय पडतंय ते बघा: धार असेल तर जाड ढलप्यांसारखा चुरा पडतो, धार गेली की पिठासारखा बारीक भुसा, आणि कापताना जळका वास येतो.

आपल्याकडची खरी अडचण लाल माती. ओंडका जमिनीवरून ओढत आणला की सालीत जांभ्याचे बारीक खडे रुततात आणि ते दाताची धार एका फेरीत खातात. म्हणून कापायच्या जागेवर कोयत्याने पट्टाभर साल सोलून घ्या किंवा पाणी मारून ब्रश फिरवा. आणि कापताना पट्टी जमिनीला लागली की संपलंच, खाली दांडकं सरकवा.

गोल कानस चेनच्या मापाची लागते: ०.३२५ पिचला (पिच म्हणजे चेनच्या कड्यांच्या अंतराचं माप, इंचात) ४.८ मिमी, छोट्या लो-प्रोफाइल चेनला ४ मिमी. ३० अंशात, आतून बाहेरच्या बाजूला, प्रत्येक दाताला सारखे दोनतीन हात, एका बाजूचे सगळे आणि मग दुसऱ्या बाजूचे. एका बाजूला जास्त घासलं तर कट वाकडा जातो. चारपाच धारा झाल्या की दातापुढचा रेकर, म्हणजे दात लाकडात किती खोल जाईल ते ठरवणारा उंचवटा, पण चपट्या कानशीने थोडा उतरवायचा, दातापेक्षा ०.६ मिमीच्या आसपास खाली. हौसेने जास्त उतरवलात तर मशीन हिसके मारतं. दोन चेन जवळ ठेवा, काम चालू असताना धार लावत बसायला कोणालाच नको वाटतं.

६. फळ्या: घरी पाडायच्या की सॉमिलला द्यायच्या

चेनसॉच्या पट्टीवर बसणारी एक चौकट मिळते, अलास्कन मिल म्हणून. पहिला कट ओंडक्यावर सरळ शिडी किंवा लोखंडी अँगल ठोकून त्यावरून घ्यायचा, पुढचे कट आधीच्या सपाट पृष्ठभागावरून. हा पहिला कट वाकडा गेला तर पुढची प्रत्येक फळी तेवढीच वाकडी येते, तेव्हा दोरी लावून, लेव्हल बघून सावकाश करा. या कामाला चेनची धार ३० ऐवजी १० अंशाला आणायची, ओंडका कापायच्या दिशेने थोडा उताराला ठेवायचा म्हणजे मशीन स्वतःच्या वजनाने पुढे सरकतं, आणि कट पुढे गेला की मागे लाकडी पाचरी सारायच्या. चौकट पट्टीचे चारपाच इंच खाते हे धरून चाला, १८ इंची पट्टीवर १३-१४ इंची ओंडकाच बसतो. त्याहून जाड असेल तर ७० ते ९० सीसीचं मशीन लागतं, ५८ सीसीचं फुल रेसवर दहा मिनिटं तापवलं की पिस्टन धरतो.

शिवाय चेनचा कट ९ मिमीचा, बँडसॉचा २-३ मिमीचा. म्हणजे तीन कटांमागे जवळजवळ एक इंची फळी भुशात जाते. माझा नियम साधा आहे, ट्रॉली जाते आणि वाहतूक पास मिळतो तिथे लाकूड सॉमिलला. दरीत पडलेला फणस, जिथून ओंडका निघणारच नाही, तिथे मिल चौकट.

सॉमिलला न्यायच्या आधी खिळे शोधा. बांधावरच्या झाडात कुंपणाची तार, रस्त्याकडेच्या झाडात बोर्डाचे खिळे हमखास असतात. ऐन-फणसासारख्या लाकडात लोखंडाभोवती निळसर काळा डाग पसरतो, कापलेल्या टोकाला तो दिसला की त्या बाजूचा दोन फुटांचा तुकडा सरळ जळणात टाका. ब्लेड तुटलं तर मालक त्याचे पैसे तुमच्याकडूनच घेतो, आणि त्याचं बरोबरच आहे.

७. जळण फोडणं

घण, दोन लोखंडी पाचरी आणि जड पात्याची कुऱ्हाड. पाचरी दोनच का, तर पहिली अडकली की सोडवायला दुसरी लागते. पाचरीचं डोकं ठोकून ठोकून फुलासारखं पसरलं की ग्राइंडरने उतरवून टाका, त्याच्या कपच्या उडतात आणि डोळ्यात जातात. सव्वा फुटाचे तुकडे करा आणि ओलं असतानाच फोडा, ऐन वाळला की घण परत पाठवतो. ऑस्ट्रेलियन बाभूळ छान सरळ फुटते. फणसाचा बेचका फोडायच्या भानगडीत पडू नका, मशीनने कापा. माड फुटतच नाही, नुसते धागे निघतात, आणि बाहेरचा कडक भाग चेनची धारही घालवतो.

हायड्रॉलिक स्प्लिटर घ्यायचा का असं खूप जण विचारतात. घरापुरत्या जळणाला नको. सिंगल फेजवरचा घेतलात तर संध्याकाळी गावातलं व्होल्टेज पडलं की मोटर घुमत बसते. आणि ट्रॅक्टरला लावायचा तो फिरणारा शंकूचा स्क्रू फुकट दिला तरी घेऊ नका, त्यात बाही अडकली तर बंद करायला वेळच मिळत नाही.

८. वाळवणं आणि पावसाची सोय

तोड दिवाळीनंतर ते होळीपर्यंत. अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलं की कीड लागत नाही असं म्हातारी माणसं सांगतात, पाळायला काही खर्च नाही. ओंडक्याची दोन्ही टोकं त्याच दिवशी उरलेल्या ऑइलपेंटने रंगवा, टोकाकडून पाणी लवकर उडतं आणि तिथूनच चिरा पडतात.

फळ्यांची थप्पी चिऱ्यांवर, जमिनीपासून दीड फूट तरी वर. प्रत्येक थरात इंचभर जाडीच्या रिपा दीड-दोन फुटांवर, आणि वरच्या-खालच्या रिपा एका रेषेतच, नाहीतर फळ्या लाटांसारख्या वाळतात. वर पत्रा, बाजूला मोकळं, वारा हवा आणि ऊन नको. ताडपत्री गुंडाळून ठेवलीत तर आषाढात आतून बुरशी काढावी लागेल. आंबा आणि रबर लवकर किडतात, त्यांना फळ्या पाडल्यापाडल्या बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी मारा. इंच जाडीला साधारण वर्ष धरतात. खात्री करायची तर थप्पीतला एक तुकडा काढून दर पंधरा दिवसांनी वजन करा, दोनतीनदा तेच वजन आलं की सुताराला बोलवा.

जळण पडवीच्या बाहेर उभ्या रिपांच्या आधाराने रचा, भिंतीपासून वीतभर सोडून, म्हणजे वाळवी आली तर दिसते. साल वरच्या बाजूला.

मृगाच्या आधी मशीनची टाकी रिकामी करा, चालू करून स्वतःहून बंद पडेपर्यंत चालवा, प्लग काढून चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल आत टाका, दोरी हळूच दोनदा ओढा, प्लग परत लावा. चेन काढून डब्यात ऑइलमध्ये बुडवून ठेवा, आणि वायर रोप पुसून, ग्रीस लावून माळ्यावर टाका.